तीनशे एकोणसाठ अंश

पद्माक्कांनी गुन्हा केला, असं यंत्र म्हणत होतं आणि केला नाही, असं पद्माक्का म्हणत होत्या. दोघांत खोटं कोण बोलतंय हा प्रश्न खरं तर कुणाला पडायलाच नको होता. पद्माक्कांना खोटं बोलता येत नसे. आयुष्यभर त्यांनी जे दिसलं ते तोंडावर सांगितलं आणि त्यापायी निम्मी गल्ली त्यांच्याशी फटकून वागायची. पण २०४१ साली यंत्राच्या शब्दाला कायद्यात वजन होतं आणि पद्माक्कांचा शब्द कोल्हापुरातल्या चिंचेच्या तिकटीवर, त्यांच्या भडंगाच्या गाड्यापुरताच चालत होता.

झालं होतं ते असं. तिकटीवर, म्हणजे तीन रस्ते एकत्र येतात तिथे, अक्कांच्या गाड्यासमोर एक खांब आणि खांबावर एक भला मोठा कॅमेरा होता. मे महिन्यातल्या एका दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना, कुणा बाईने मागून शिडी लावली आणि त्या कॅमेऱ्याच्या डोळ्याला डांबर फासलं. पलीकडच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात ती बाई सापडली, पण पाठमोरी. साडी, जाड अंबाडा, हातात डांबराचा डबा. चेहरा नाही. मग पोलिसांनी ते चित्र ‘चौफेर’ नावाच्या यंत्राला दिलं. यंत्राने त्या बाईला वळवून तोंड पुढे केलं आणि ते तोंड पद्मावती चौगुले यांचं निघालं. सहा महिने कैद आणि गाड्याची जागा कायमची जप्त, अशी शिक्षा होती. त्या वेळी अक्का घरी झोपल्या होत्या हे तिकटीवर सगळ्यांना ठाऊक होतं, पण झोपेला साक्षीदार नसतो.

वैजयंती मगदूमला ही बातमी कळली ती ऑफिसात, आणि तीही पडद्यावर. ‘चौफेर’ बनवणाऱ्या कंपनीतच ती कामाला होती. खटल्यांची चित्रं नीट उघडतात का, हे तपासायचं तिचं काम. त्या दिवशी एक पाठ उघडली, गर्रकन फिरली आणि पुढे आली ती तिची थोरली नणंद. तोच कपाळावरचा टिळा, तीच कुणाच्या बापाला न भिणारी नजर. वैजयंतीच्या हातातला चहा हातातच गार झाला.

नणंद-भावजयीत सहा वर्षं अबोला होता. त्याच्या मुळाशीही हेच यंत्र होतं.

वैजयंती संगणकाच्या जावा भाषेत काम करायची. पंचविशीत ती जावा शिकली तेव्हाच लोक म्हणायचे की ही भाषा आता म्हातारी झाली. ते म्हणणारे निवृत्त झाले, जावा मात्र कामावर होती. न्यायालयांच्या टेबलांवरच्या संगणकांत चित्र उघडणारा, फिरवणारा एक साधा प्रोग्रॅम तिने त्या काळात लिहिला होता. त्याचं नाव ‘दर्शक’. न्यायालयाने एकदा तो प्रमाणित केला आणि मग नवा प्रमाणित करून घेण्यापेक्षा नवीन धरण बांधणं सोपं, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. त्यामुळे आतलं यंत्र कितीही नवं आलं तरी वरचा पडदा वैजयंतीचाच राहिला.

नव्याने आलेल्या मुलामुलींना ती फिरवण्याचं शास्त्र भिंतीवरच्या कॅलेंडरने समजावून सांगायची. कॅलेंडर कोपऱ्यात खिळा मारून टांगलं, तर ते त्या कोपऱ्याभोवती झुलतं. मधोमध खिळा मारला, तर जागच्या जागी फिरतं. संगणकाला काही सांगितलं नाही, तर त्याचा खिळा पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. म्हणून नवशिक्या चौकोन फिरवायला जातो आणि त्याचा चौकोन पडद्याबाहेर पळतो. आधी खिळा चित्राच्या मधोमध न्यायचा, मग फिरवायचं, मग काढायचं. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी त्याहून महत्त्वाची: फिरवलेलं चित्र पुन्हा फिरवायचं नाही. चित्र म्हणजे शेवटी ठिपके. ते तिरपे केले की चौकटीत नेमके बसत नाहीत, थोडं इकडचं तिकडे करावं लागतं. एकदा केलं तर कळत नाही. पण प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत असं करत गेलं, तर शेवटी हाती लगदा येतो. म्हणून दर वेळी मूळ चित्र घ्यायचं आणि त्याला हवं तेवढं फिरवायचं.

आणि पूर्ण फेरी, म्हणजे तीनशे साठ अंश, फिरवायची असेल तर? तर फिरवायचंच नाही. जिथून निघालो तिथेच यायचं, तर उगाच घाम कशाला गाळा? ‘कोन तीनशे साठ असेल तर मूळ चित्र दाखव’ अशी एक ओळ तिने ‘दर्शक’मध्ये घातली होती. सपाट चित्रासाठी ती ओळ सोळा आणे खरी होती.

‘चौफेर’चं तसं नव्हतं. ते कागद फिरवत नसे, कागदावरचा माणूस वळवत असे. पाठ दिसते आहे, तोंड दाखव. आता जे कॅमेऱ्याला दिसलंच नाही ते यंत्र आणणार कुठून? ते आठवून काढायचं. त्याने लाखो चेहरे, लाखो खांदे पाहिलेले होते. त्यांतलं जे बसेल ते बसवायचं. एकेक अंश वळवायचं, नव्याने दिसणारी कड स्वतः रंगवायची आणि रंगवलेल्या चित्रावरून पुढचा अंश वळवायचा. म्हणजे वैजयंतीने मुलांना जे करू नका म्हणून सांगितलं, नेमकं तेच.

हे यंत्र प्रथम आलं ते पोलिसांसाठी नव्हे, मेलेल्या माणसांसाठी आलं. वैजयंतीचा नवरा भूपाल, पद्माक्कांचा धाकटा भाऊ, फाउंड्रीत होता. तरुणपणी वितळलेल्या लोखंडाचा शिंतोडा त्याच्या डाव्या गालावर उडाला आणि डाग राहिला. तेव्हापासून कुणी फोन वर केला की गडी मान वळवायचा. लग्नाच्या अल्बमातसुद्धा नवरी समोर बघते आहे आणि नवरा मांडवाच्या खांबाकडे. तो गेला तेव्हा भिंतीवर लावायला समोरून काढलेला धड फोटो नव्हता. आधार कार्डावर होता, पण तो पाहून खुद्द भूपालनेही स्वतःला ओळखलं नसतं. मग वैजयंतीने ऑफिसात त्याचा एका बाजूने काढलेला फोटो ‘चौफेर’ला दिला आणि यंत्राने भूपालला समोर वळवलं. डाव्या गालाचं यंत्राला काय ठाऊक? त्याने चांगला गुळगुळीत गाल काढून दिला.

वर्षश्राद्धाला आलेल्या अक्का त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या.

“ह्यो कोण?” त्यांनी विचारलं.

सगळी माणसं जेवायला बसलेली. वैजयंती म्हणाली, “असं काय करता वन्सं? हे आहेत ना.”

“ह्यो आमचा भूपाल न्हवं. त्याचा डाग कुठाय?”

“डाग म्हणजे माणूस नव्हे.”

“मग कोण माणूस? ह्यो गुळगुळीत?” अक्का म्हणाल्या आणि पानावर न बसताच निघून गेल्या. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. पुढे घराघरांत असे वळवलेले बाप, वळवलेल्या आया भिंतीवर आल्या. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की मेलेला वळतो तर पळालेला चोर का वळू नये.

*

अक्का जामिनावर सुटून घरी आल्या होत्या. वैजयंती गेली तेव्हा त्या चुलीएवढ्या शेगडीवर भडंगाची फोडणी करत होत्या. दारात उभ्या भावजयीला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“बस. लसूण सोल,” त्या म्हणाल्या.

सहा वर्षांचा अबोला असा सुटला. वैजयंती खाली बसली, लसणाची परडी पुढे ओढली आणि सोलता सोलता तिने मनात घोकून आणलेलं सगळं सांगितलं. पहिलाच गुन्हा आहे, वय झालेलं आहे. कबूल केलं तर ताकीद देऊन सोडतील. जागा जाईल, पण कैद टळेल.

“मी केलंच न्हाई तर कबूल काय करू?” अक्का म्हणाल्या. “दुसऱ्याचं डांबर मी माझ्या तोंडाला फासून घेऊ?”

“वन्सं, यंत्र चुकत नाही असं कायद्याने धरलेलं आहे. चुकलं हे आपण दाखवायचं. कसं दाखवणार?”

“ते तुझं काम. माझं काम न्हाई म्हणायचं. ते मी करतो.” जुन्या कोल्हापुरी बायकांसारखं अक्का ‘मी करतो, मी जातो’ असंच बोलायच्या. त्यांनी झारा खाली ठेवला. “खरं सांग वैजू. तुला वाटतंय मी केलं असंल?”

“नाही.”

“का?”

“तुम्ही केलं असतं तर खाली उतरून नाव सांगून आला असता.”

अक्का हसल्या, पण थोड्याच. “मग हे तुझ्या यंत्राला तोंडावर सांग की. त्यानं भूपालचं तोंड बदललं तवा तू गप बसलीस. आता माझं तोंड काढून दुसरीच्या अंगाला लावलंय. आता पण गप बसणार?”

वैजयंतीला राग आला. आपण हिला वाचवायला आलो आणि ही जुनं उकरते आहे, असं वाटलं. ती उरलेला लसूण सोलून, हात न धुताच निघून आली.

*

रविवारी दुपारी ती भूपालच्या फोटोसमोर बसली. चंदनाच्या हाराच्या आत भूपाल तिच्याकडे बघत होता. समोरून बघणारा भूपाल. अक्का नेहमी नको ते बोलतात आणि नेमकं नको त्या वेळी खरं बोलतात, असं तिच्या मनात आलं. तिने डोळे मिटले आणि तो डाग आठवायचा प्रयत्न केला.

डाग आठवेना. डोळ्याखाली होता की जरा खाली? गोल की लांबट? वीस वर्षं ज्या गालाशेजारी तिने उशी ठेवली होती, तो गाल डोळ्यांसमोर आणला की गुळगुळीतच यायचा. रोज सकाळी तिने त्या काढलेल्या गालाला नमस्कार केला होता आणि त्याने खरा गाल पुसून टाकला होता. वैजयंती घाबरली. नवरा गेला तेव्हाही ती अशी घाबरली नव्हती.

तिने लॅपटॉप उघडला, ‘दर्शक’ सुरू केला आणि भूपालचा तो मूळ, बाजूने काढलेला फोटो ‘चौफेर’मधून हळूहळू वळवायला घेतला. कुठेतरी, कुठल्या तरी कोनात डागाची कड सापडेल अशी वेडी आशा होती. समोरून गुळगुळीत. डावीकडून गुळगुळीत. मग मान, मग पाठ, मग पलीकडून पुन्हा उजवी बाजू येऊ लागली. माउस जुना होता, मध्येच अडकायचा. तो अडकला तेव्हा कोनाच्या चौकटीत तीनशे एकोणसाठ असा आकडा होता.

पडद्यावर एक परका माणूस होता. शर्ट भूपालचा, बाजूही तीच, पण नाक सरळ, हनुवटी दणकट, कान भलताच. जाहिरातीतल्या बनियनवाल्यासारखा दिसणारा कुणीतरी. वैजयंतीने माउस झटकला, एक अंश पुढे सरकला, तीनशे साठ झाले आणि तिचा भूपाल परत आला. एक अंश मागे नेला, परका. एक पुढे, भूपाल. मागे, परका. पुढे, भूपाल.

मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरून निघालेला माणूस परत आलेलाच नव्हता. वाटेत प्रत्येक अंशाला यंत्राने त्याच्यात थोडं थोडं मनाचं घातलं होतं आणि फेरी पुरी होईतो तो दुसराच कुणी झाला होता. शेवटच्या अंशाला मात्र तिची जुनी ओळ धावून यायची, त्या परक्याला बाजूला सारायची आणि मूळ फोटो पुढे करायची. बघणाऱ्याला वाटायचं, वा, माणूस जसा गेला तसा आला.

तिने भिंतीवरचा फोटो उतरवला. हार काढला, फोटो पालथा करून कपाटावर ठेवला आणि रडायचं होतं तेवढं रडून घेतलं.

*

“बसा मॅडम,” केदार नाडगौडा म्हणाला. तो कंपनीचा प्रमुख. न्यायालयात यंत्राच्या वतीने साक्ष द्यायलाही तोच जायचा. बोलणं असं गोड, की ऐकणाऱ्याला मधुमेह व्हावा. वैजयंतीचं सगळं त्याने शांतपणे ऐकून घेतलं. “आम्हाला हे माहीत नाही असं वाटलं का तुम्हाला?”

“माहीत आहे?”

“तीनशे साठला मूळ चित्र येतं, ही तुमचीच ओळ. कोर्टात फार उपयोगी पडते.”

“सपाट चित्रासाठी लिहिली होती मी ती.”

“चित्र सपाट का गोल हे कुणी विचारत नाही.” तो जरा पुढे झुकला. “मॅडम, तुमच्या घरी साहेबांचा फोटो आहे ना? तसे लाखो घरांत आहेत. एका भडंगवाल्या बाईंसाठी तुम्ही उद्या उभ्या राहून सांगणार, की हे यंत्र मनाचं काढतं. मग त्या लाखो घरांतल्या बायका, पोरं भिंतीकडे बघून काय म्हणतील? लोकांचे आईबाप तुम्ही भिंतीवरून उतरवणार?”

हे मात्र वैजयंतीला लागलं. कारण यात खोटं काही नव्हतं. काल दुपारी ती स्वतः त्यातून गेली होती. आणखी कुणाला त्यातून जायला लावावं, असं तिला वाटत नव्हतं.

“म्हणजे आपला माणूस आपल्या भिंतीवर नाही, हे लोकांना कळू द्यायचं नाही,” ती म्हणाली.

“कळून काय मिळणार त्यांना?”

“आठवता येईल, सर. वेळेत कळलं तर खरं तोंड आठवता तरी येईल. मला कळायला उशीर झाला.”

नाडगौडाने हात जोडल्यासारखे केले. “साक्ष दिलीत तर त्या दिवशी नोकरी संपली. मग मी काही करू शकणार नाही.”

“सहा वर्षांनी गेले मी नणंदेकडे,” वैजयंती उठता उठता म्हणाली. “तिने मला लसूण सोलायला बसवलं. तुम्हाला नाही कळायचं ते.”

जिना उतरतानाच तिने अक्कांच्या वकिलांना, इर्शाद बागवानांना, फोन लावला.

*

न्यायालयातल्या टेबलावर संगणक होता आणि त्यावर ‘दर्शक’ उघडलेला. नाडगौडाने पाठमोरी बाई दाखवली, मग ‘पूर्ण फेरी’चं बटण दाबलं. बाई गर्रकन वळली, अक्कांचं तोंड चमकून गेलं आणि पुन्हा तीच पाठ, तोच अंबाडा, तोच डांबराचा डबा.

“मूळ चित्र जसंच्या तसं परत आलं,” तो म्हणाला. “यंत्राने वाटेत काही मनाचं घातलं असतं, तर हे परत आलंच नसतं.”

न्यायाधीशबाईंनी मान डोलावली. गेल्या कित्येक खटल्यांत त्यांनी ही फेरी पाहिली होती. आरोपीच्या पिंजऱ्यात अक्का ताठ उभ्या होत्या. बसायला दिलेली खुर्ची त्यांनी नाकारली होती.

बागवानांनी वैजयंतीला उभं केलं. ‘दर्शक’ कुणाचा, ती ओळ कुणाची, ती काय करते, हे तिने सांगितलं. सरकारी वकील लगेच उठले.

“म्हणजे तुमच्याच ओळीवर आज तुमचा आक्षेप आहे?”

“ओळीवर नाही. ओळ खरंच बोलते. फिरवायचं नसेल तर मूळ दाखव, एवढंच ती म्हणते. फिरवून आणलं असं ती कधीच म्हणाली नाही. ते हे साहेब म्हणाले.” मग ती न्यायाधीशबाईंकडे वळली. “माझं ऐकू नका, यांचंही ऐकू नका. आपण स्वतः कोन घाला. तीनशे साठ नको. तीनशे एकोणसाठ.”

नाडगौडा पहिल्यांदाच घाईने बोलला. “तो कोन प्रमाणित नाही, मॅडम.”

“तीनशे साठ प्रमाणित आहे आणि त्याच्या अलीकडचा एक नाही?” न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा चढवला, कळफलक ओढून घेतला आणि एकेक बोटाने आकडा घातला.

पडद्यावर पाठमोरी बाई होती. उभी तशीच, शिडीवर हात तसाच. पण अंबाडा बारका झाला होता, अक्कांचा असतो तेवढा. साडीवर तपकिरी स्वेटर होता, लांब बाह्या दुमडलेला. आणि हातात डांबराच्या डब्याऐवजी भडंग मोजायचं पितळी मापटं होतं.

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मग पिंजऱ्यातून अक्कांचा आवाज आला. “त्यो भूपालचा स्वेटर हाय.”

वैजयंतीनेच तो विणला होता. बाह्यांचं माप चुकलं होतं आणि भूपाल ते कुणाला सांगू द्यायचा नाही. त्याच्या माघारी अक्का थंडीत गाड्यावर तो घालून बसायच्या, हे तिला आज, इथे, या पडद्यावर कळलं.

“घटना मे महिन्यातली ना?” न्यायाधीशबाईंनी सरकारी वकिलांना विचारलं.

“होय.”

“मे महिन्यात कोल्हापुरात स्वेटर कोण घालतं?”

बाईंनी तीनशे साठ घातले. स्वेटर गेला, डांबर आलं. तीनशे एकोणसाठ घातले. डांबर गेलं, मापटं आलं. वैजयंतीने रविवारी केलं होतं तसंच त्यांनी तीन-चारदा केलं. मग हात मागे घेतला. “हे असं का होतं?”

“यंत्राला त्या बाईचं तोंड माहीत नव्हतं,” वैजयंती म्हणाली. “म्हणून त्या तिकटीवरचं जे तोंड त्याने सगळ्यांत जास्त पाहिलं होतं, ते त्याने लावलं. अक्का वर्षानुवर्षं रोज त्या कॅमेऱ्यासमोर बसतात आणि त्या कॅमेऱ्याची चित्रं यंत्राकडे जातात. एकदा तोंड अक्कांचं झाल्यावर मग अंबाडा अक्कांचा, स्वेटर अक्कांचा, मापटं अक्कांचं. त्याला थांबवणारं कुणी नव्हतं. जो तोंड लपवतो तो यंत्राला माहीत नसतो, म्हणून तो सुटतो. जो उघड्या तोंडाने रोज एका जागी बसून पोट भरतो, तो पहिला सापडतो. अक्कांचा गुन्हा एवढाच आहे.”

“आणि तुमचा?” सरकारी वकिलांनी टोचून विचारलं. “इतकी वर्षं याच कंपनीत होतात.”

“माझ्या घरीही यंत्राने काढलेला एक माणूस होता,” वैजयंती म्हणाली. “तो मी भिंतीवरून उतरवला. मग इथे आले.”

पद्मावती चौगुले निर्दोष सुटल्या. केवळ यंत्राने वळवलेल्या चित्राच्या आधारे यापुढे कुणाला शिक्षा होणार नाही, असं न्यायाधीशबाईंनी लिहिलं. पायऱ्या उतरतानाच वैजयंतीच्या फोनवर कंपनीचं पत्र आलं. तिने ते उघडलंसुद्धा नाही. त्यात काय आहे हे तिला ठाऊक होतं, आणि अक्का पुढे जाऊन रिक्षावाल्याशी भांडायला लागल्या होत्या.

*

तिकटीवरच्या खांबावर नवा कॅमेरा आला होता, आधीच्याहून मोठा. अक्का त्याच्याकडे तोंड करून, नेहमीच्या जागी, स्टुलावर बसल्या होत्या.

“वन्सं, गाडा पलीकडे घेऊ या का?” वैजयंती म्हणाली. “चिंचेच्या आड. निकाल लागला तरी बघणारा बघतोच. उद्या आणखी कुणी काही केलं तर पुन्हा तुम्हीच सापडाल.”

“मी हितं बसलो तवा खांब न्हवता,” अक्का म्हणाल्या. “मागनं आलाय त्यो. हलायचं तर त्यानं हलावं.”

वैजयंतीने पिशवीतून फ्रेम काढली. आत भूपालचा मूळ फोटो होता. मान वळवलेला, कुठेतरी दूर बघणारा. अक्कांनी तो दोन्ही हातांनी घेतला, पदराने काच पुसली आणि गाड्याच्या खिळ्याला अडकवला. मग म्हणाल्या, “ह्यो आपला.”

“डाग कसा होता, मला आठवत नाही, वन्सं.” हे बोलताना वैजयंतीचा धीर सुटला. “मी त्यांची बायको, आणि मला आठवत नाही.”

अक्कांनी तिला जवळ ओढलं. त्यांचं बोट फोडणीच्या हळदीने पिवळं झालेलं होतं. त्या बोटाने त्यांनी वैजयंतीच्याच डाव्या गालावर, डोळ्याच्या खालून सुरुवात करून, सावकाश एक रेघ ओढली. “हितनं सुरू. मग असा खाली. आणि हितं शेवटाला वाकडा, चिंचेच्या आकड्यागत. कुणाचं तान्हं पोर घेताना ती वाकडी बाजू त्यो पोराच्या अंगाला लागू द्यायचा न्हाई. खरखरीत हुती ना.”

खरखरीत. वैजयंतीच्या ओठांना ते आठवलं. डोळ्यांना जे सहा वर्षांत आठवलं नव्हतं, ते तिथून आठवलं आणि मग सगळा गालच परत आला, जसा होता तसा.

“पूस ते, हळद लागलीया,” अक्का म्हणाल्या.

“राहू दे.”

तिने दुसरं स्टूल ओढलं आणि अक्कांच्या शेजारी, खांबाकडे तोंड करून बसली. वर काचेचा तो मोठा डोळा बारीक आवाज करत तिच्यावर स्थिरावला. वैजयंतीने मान वळवली नाही. पिवळ्या डागाचा गाल तिने उजेडाकडे केला.

“बघ म्हणावं आता नीट,” अक्का म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाच्या पुड्यात मापटं रितं केलं.